फुटते का, आधी बघू

हैदराबादेत चिक्कडपल्लीच्या बाजारात नारळ घेणाऱ्या बाईकडे एकदा उभं राहून बघा. नारळ कानाशी नेते. हलवते. पाणी वाजतं का, ते ऐकते. डोळे ओलसर नाहीत ना, ते अंगठ्यानं चाचपते. मग तो ठेवून दुसरा उचलते. विकणारी एका शब्दानं रागावत नाही. न हलवता नारळ घेणारं गिऱ्हाईक तिनं आयुष्यात पाहिलेलं नसतं.

तीच बाई रविवारी मुलाला पेंटबॉल खेळायला नेते. खिडकीवर पैसे भरते. गोळ्यांची पिशवी उघडूनही बघत नाही.

का?

चिक्कडपल्लीतच त्यागराय गानसभा आहे. कार्यक्रमाआधी मृदंगवाल्याला बघा. कडेवर ठोका देतो, कान लावतो, पुन्हा ठोका देतो. पत्थरगट्टीत मोती घेणारी सासू मोती दातावर घासल्याशिवाय भावाचं बोलत नाही. संक्रांतीला धूलपेटेत पोरं मांजा बोटांतून फिरवल्याशिवाय चक्रीला हात लावत नाहीत. हे शहर तपासून घेणाऱ्यांचं आहे. मग आपल्याच पोराच्या छातीवर नेम धरून मारायची गोळी कोणी तपासायची?

‘खेळच आहे हो, रंगाच्या तर गोळ्या!’ हे वाक्य दर वाढदिवसाला ऐकू येतं. रंगाच्याच गोळ्या आहेत, कबूल. पण बंदुकीच्या नळीतून निघताना सेकंदाला ३०० फुटांपर्यंत वेग घेणाऱ्या. म्हणजे ताशी साधारण ३२९ किलोमीटर. शोएब अख्तरनं २००३च्या विश्वचषकात टाकलेला ताशी १६१.३ किलोमीटरचा चेंडू आठवतो? त्याच्या दुप्पट. तिथे समोर पॅड आणि हेल्मेट घातलेला फलंदाज होता. इथे सहावीतला मुलगा असतो.

गोळी हलकी असते, जेमतेम तीन ग्रॅम. व्यास ०.६८ इंच, म्हणजे १७ मिलिमीटरच्या आसपास. मोठ्या गोटीएवढी. पण त्या वेगानं निघालेल्या तीन ग्रॅमांत तेवढाच जोर असतो, जेवढा क्रिकेटचा चेंडू अडीच मजल्यांवरून खाली सोडला तर असतो.

मग लागत कसं नाही? लागतं. पण गोळी फुटते, म्हणून निभावतं. फुटताना तिचा बराचसा जोर कवच फोडण्यात आणि रंग उडवण्यात खर्च होतो, उरलेला जरा पसरतो. फुटली नाही, तर सगळा जोर एका ठिपक्यावर. मग काळानिळा वळ, आणि घरी आल्यावर आईनं शर्ट वर करून विचारलेला प्रश्न.

म्हणजे सगळा खेळ एका गोष्टीवर उभा आहे. गोळी अंगावर फुटली पाहिजे आणि नळीत फुटता कामा नये. पैसे आपण या एका गुणाचे देतो. आणि बघायचा विसरतो तोही हाच गुण.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. बहिणीच्या मुलाला बारावं लागलं. दहा पोरं, दोन गाड्या, रिंग रोडपलीकडचं मैदान. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. अशी मैदानं पुष्कळ आहेत. पत्र्याची शेड, शेडमध्ये एक टेबल, टेबलाखाली गोळ्यांचा खोका. दुपारचे बारा. पत्रा इतका तापला होता की शेडपेक्षा बाहेरचं ऊन बरं वाटावं. आणि त्या पत्र्याखाली ते खोके, कोण जाणे किती दिवसांपासून.

टेबलामागच्या पोरानं पिशवी फोडली आणि गोळ्या बंदुकीच्या भांड्यात ओतायला गेला. गोळ्या पडेनात. पाच-पाच, सहा-सहा एकमेकींना चिकटलेल्या. त्यानं पिशवी टेबलावर आपटली, आणि गठ्ठ्यानं खाली आल्या.

साबुदाणा असा चिकटला तर आपण खिचडी ताटात वाढत नाही.

मी एक गोळी उचलली. बोटांना तेलकट लागली. अंगठ्यानं दाबली तर चेपली आणि चेपलेलीच राहिली. खांद्याच्या उंचीवरून सिमेंटवर सोडली. उसळली. पुन्हा सोडली. पुन्हा उसळली. पाचव्यांदा सोडली, तर उड्या मारत शेडबाहेर गेली. दुकानात मिळणारे रबरी चेंडू असतात ना, तशी.

‘मॅडम, गर्मी में ऐसाच होता.’

गर्मी में ऐसाच होता, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून तर पत्र्याखाली ठेवायच्या नसतात.

‘दूसरी थैली खोलो.’

‘सब एकीच लॉट है, मॅडम.’

तेवढ्यात आमच्याच इमारतीतल्या एक बाई मागून म्हणाल्या, ‘ताई, जाऊ द्या ना. मुलं ताटकळलीत.’ हे ‘जाऊ द्या ना’ आपल्या लोकांचं सगळ्यात महागडं वाक्य आहे. या तीन शब्दांवर आपल्याकडची कितीतरी मैदानं, पाळणे, झुले आणि सहलीच्या बसगाड्या चालतात.

मी जाऊ दिलं नाही. थांबले. मैदानवाल्याला बोलावणं गेलं. तो येईपर्यंतचा वेळ पोरांना गोळ्या समजावण्यात घालवला. तेच इथे सांगते.

पेंटबॉलचं कवच जिलेटिनचं असतं. आत पॉलिएथिलीन ग्लायकॉल, रंग आणि घट्टपणा आणणारे पदार्थ. घरात अशीच एक वस्तू आहे, ओळखा! ई जीवनसत्त्वाची मऊ कॅप्सूल. कॉड लिव्हर ऑइलची पिवळी गोळी. कॅप्सूल आणि पेंटबॉल, दोन्हींचा जन्मदाता एकच. डेट्रॉइटच्या रॉबर्ट शेरर यांनी १९३०च्या दशकात फिरत्या साच्यांमधून मऊ कॅप्सूल काढण्याचं यंत्र बनवलं, आणि पुढे त्यांच्याच आर. पी. शेरर कंपनीनं सुरुवातीचे पेंटबॉल बनवले. कॅप्सूलमध्ये औषधाऐवजी रंग भरला, एवढाच फरक.

हे आपल्या हैदराबादला कोणी समजावून सांगावं? बालानगरला आयडीपीएलचा कारखाना उभा राहिला तेव्हापासून हे औषधांचं गाव आहे. इथल्या घराघरांत कोणी ना कोणी औषध कंपनीत आहे. कॅप्सूलच्या बाटलीत ओल शोषणारी पुडी का असते, ते इथल्या शाळकरी पोरालाही सांगता येईल. जिलेटिन हवेतली ओल पितं. ओल प्यायलं की फुगतं, मऊ पडतं, चिकटतं. उन्हात ठेवलं की नरम होतं. फार थंडीत ठेवलं की ठिसूळ होतं.

चिकटलेल्या कॅप्सूलची बाटली औषधवाल्यानं दिली, तर ती आपण काउंटरवरच परत करतो. पेंटबॉलची पिशवी मात्र शहाण्यासारखी मुलाच्या हातात देतो.

आणि आपलं हवामान? एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, जूनपासून भिंतींना ओल येते. जिलेटिनचे दोन्ही शत्रू आपल्याकडे पाठोपाठ येतात. म्हणून मैदानावर पोचल्यावर पहिला प्रश्न भावाचा विचारू नका. ‘गोळ्या कुठे ठेवता?’ हा विचारा. कोरड्या, थंड खोलीत असतील तर माणूस हात धरून दाखवायला नेईल. नसतील तर विषय बदलेल.

आता परीक्षा. गोळी खांद्याच्या उंचीवरून कडक फरशीवर सोडा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी फुटली, तर घ्या. गुडघ्याच्या उंचीवरूनच फुटली, तर ती नळीतही फुटेल. मग आत रंगाचा चिखल, आणि पुढची प्रत्येक गोळी वाकडी जाणार. डोक्यावर धरलेला नेम मांडीवर, मांडीवर धरलेला डोक्यावर. आणि दहा वेळा उसळली, तर समजा की ती पोराच्या अंगावरूनही उसळणार आहे.

एकाच गोळीवर थांबू नका. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एका पातेल्यात, एका वाफेवर शिजलेला असतो. पिशवीचं तसं नाही. वरच्या गोळ्या मोकळ्या असतात, तळच्या दबलेल्या. म्हणून हात तळापर्यंत घाला आणि पाच-सहा गोळ्या काढा.

मग घरंगळवा. टेबलावर, काचेवर, मोबाइलच्या पाठीवर, जे हाताशी असेल त्यावर. गोल गोळी सरळ जाते. चपटी डुगडुगते, वळते. खोका महिनोन्‌महिने एकाच कुशीवर पडला की तळच्या गोळ्या वरच्यांच्या भारानं चपट्या होतात. जाणते लोक खोका अधूनमधून पालथा करून ठेवतात. लोणच्याची बरणी आपण हलवतो ना, तेवढंच काम.

शिवण बघा. गोळीची दोन अर्धी जिथे जुळतात तिथे बारीक रेघ असते. नखानं चाचपा. रेघ जाणवली तर चालेल, उंचवटा नको, खाच तर नकोच. खळी पडलेली गोळी वेगळी काढा. पिशवी आतून तेलकट असेल, तर एखादी गोळी आधीच गळलीय आणि तिनं बाकीच्यांना माखून ठेवलंय. एक नासका आंबा अख्खी आढी नासवतो, हे कोणाला नव्यानं सांगायचं?

रंगही बघा. एक गोळी फोडा, जुन्या फडक्यावर पुसा, पाण्यानं धुवा. गेला पाहिजे.

हा पाण्यानं जाणारा रंग काही पहिल्या दिवसापासून नव्हता. २७ जून १९८१ला अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावच्या जंगलात बारा जणांनी हा खेळ पहिल्यांदा खेळला. त्यांच्या हातातली नेल्स्पॉट ००७ ही बंदूक खेळासाठी बनलेलीच नव्हती. वनरक्षक तिनं झाडांवर खुणा करत, गुराखी गुरांवर. रंग तेलातला. अंगावरून काढायला टर्पेंटाइन लागायचं! त्या दिवशी जिंकला रिची व्हाइट नावाचा माणूस, पेशानं जंगलात काम करणारा. सगळे झेंडे गोळा केले आणि एकही गोळी न झाडता बाहेर आला.

आपल्या पोरांना हे सांगितलं, तर म्हणाली, ‘मग मजा काय आली त्याला?’ विचारण्यासारखा प्रश्न आहे. त्याला जंगल कळत होतं, ही मजा.

नळीचं माप ही जाणत्यांची परीक्षा. नळी बंदुकीपासून सोडवलेली असेल तरच करायची, आणि मैदानावरच्या माणसाकडूनच करून घ्यायची. गोळी नळीत ठेवली आणि सरळ आरपार घरंगळली, तर ती लहान. शिरतच नसेल, तर फुगलेली. आत अडकून राहिली आणि फुंकर मारल्यावर बाहेर आली, तर जोडी जमली. समोरच्या माणसाला ही परीक्षा माहीतच नसेल, तर आणखी काही विचारायची गरज उरत नाही.

एक अडाणी कल्पना पोरांमध्ये फार फिरते. गोळ्या फ्रीझरमध्ये ठेवल्या की दगड होतात म्हणे. होत नाहीत. कवच ठिसूळ होतं, तडकतं, आणि नळीतच रंगपंचमी होते. पण ज्या मुलाच्या मनात मित्राला दगड मारायचं आलं, त्याच्याशी गोळीबद्दल नंतर बोला. आधी मित्राबद्दल बोला.

खाली पडलेली गोळी उचलून परत भरायची नाही. अजिबात नाही. तिला माती लागलेली असते, खडा चिकटलेला असतो, ओल लागून ती फुगलेली असते. मैदानावरचा माणूस झाडून गोळा केलेल्या गोळ्या भांड्यात टाकताना दिसला, तर पैसे परत मागा. नाही मिळाले तरी निघा.

‘बिनविषारी’ असं खोक्यावर लिहिलेलं असतं. अंगावर उडण्यापुरतं ते खरं आहे. पण मैदानात हिंडणाऱ्या कुत्र्यानं पडलेल्या गोळ्या मूठभर खाल्ल्या, तर ते आजारी पडतं. आतलं रसायन शरीरातलं पाणी आतड्यात ओढतं, रक्तातलं मीठ वाढतं, कुत्रं थरथरायला लागतं. जनावरांच्या डॉक्टरांना हे चांगलं माहीत आहे. त्या खोक्यावर कुत्र्याला वाचता येत नाही, म्हणून झाडलोट माणसांनी करायची असते.

हायटेक सिटीतल्या कंपन्या दर तिमाहीला शे-दोनशे माणसं अशा मैदानांवर पाठवतात. संघभावना वाढावी म्हणून. या कंपन्यांत एक बटण दाबलं तर काय होतं, हे तपासायला वेगळा विभाग असतो, वेगळा पगार असतो. शंभर वेळा दाबून बघितल्याशिवाय ते बटण गिऱ्हाइकापुढे जात नाही. आपल्याच माणसांवर झाडायच्या गोळ्या एकदा खाली टाकून बघायला यातलं कोणी का येत नाही?

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले, ते. डोळे.

गोळी कितीही चांगली असली, तरी मास्क वाईट असेल तर खेळायचं नाही. अंगावरचा वळ आठवड्यात जातो. बुबुळाला लागलेला मार जात नाही. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मेहदीपट्टणमच्या सरोजिनी देवी नेत्र रुग्णालयात काय गर्दी असते, ते या शहरात दरवर्षी वर्तमानपत्रांत छापून येतं. डोळ्याला पट्टी बांधलेली लहान मुलं, आणि शेजारी बसलेले, एकमेकांशी न बोलणारे आईबाप. त्यांपैकी बहुतेकांनी आदल्या रात्री हेच म्हटलेलं असतं. जाऊ द्या ना.

पेंटबॉलच्या मास्कसाठी स्वतंत्र मानक आहे, एएसटीएम एफ १७७६. मास्कवरच छापलेलं असतं. शोधा. साधा चष्मा, गॉगल, पोहण्याचा चष्मा, कारखान्यातला चष्मा यांपैकी काहीही चालत नाही. काचेला तडा नको, खोल ओरखडा नको. पट्टा ओढून बघा. मुलानं मान जोरात हलवली तरी मास्क जागचा हलता कामा नये.

आणि वाफ. आपल्या दमट हवेत पाच मिनिटं पळालं की काच आतून धूसर होते. मुलाला दिसेनासं होतं. मूल काय करतं? मास्क वर करतं. खेळ चालू असतो, आणि समोरच्याला ते कळलेलं नसतं. सगळा धोका या दोन सेकंदांत आहे. वाफ न धरणारी दुहेरी काच आहे का, विचारा. नसेल तर मुलाला घरूनच शिकवून न्या: दिसेनासं झालं की हात वर, ओरड, चालत बाहेर ये, आणि बाहेर आल्यावरच मास्क काढ. घरच्या सोफ्यामागे दोनदा करून घ्या. मी करून घेतलं.

बंदुकीचा वेगही विचारा. वेग मोजायचं यंत्र मैदानावर असायला हवं, आणि ते धूळ खात पडलेलं नको. समोर एक गोळी झाडून आकडा दाखवा म्हणावं. लहान मुलांसाठी ०.५० इंचांच्या हलक्या गोळ्या आणि कमी जोराच्या बंदुका मिळतात. त्या असतील तर बारा वर्षांच्या मुलाला मोठ्यांची बंदूक का द्यायची?

पैसे भरताना एक कागद पुढे येतो. खाली सही करा, पेन इथे आहे. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की काही झालं तर जबाबदारी तुमची. मास्क हातात यायच्या आधी पेन हातात येतं. वाचा. वाचायला वेळ मागा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं वस्तूचा दर्जा, प्रमाण, शुद्धता आणि किंमत जाणून घ्यायचा हक्क आपल्याला दिलेला आहे. ‘पिशवी दाखवा’ म्हणणं हा भांडखोरपणा नव्हे.

असो. मैदानवाला आला. चिडलेला नव्हता, दमलेला होता. मी चिकटलेला गठ्ठा त्याच्या हातावर ठेवला. काही बोलले नाही. त्यानं अंगठ्यानं एक गोळी दाबली, चेपलेली बघितली, आणि पोराला आत पिटाळलं. कार्यालयातल्या एसीखाली एक बंद खोका होता. होता! ‘सब एकीच लॉट’ म्हणाला होता ना?

खोका आला. नवी पिशवी फोडली. गोळ्या भांड्यात पडल्या त्या खुळखुळत, मोकळ्या, कोरड्या. पोरांना मी रांगेत उभं केलं. प्रत्येकाला एकेक गोळी. खांद्याला हात, सोड. दहा गोळ्या सिमेंटवर पडल्या, उसळल्या. पुन्हा सोडल्या. चार फुटल्या. तिसऱ्यांदा आणखी पाच. भाच्याची राहिली. त्यानं उचलली, दोन्ही बाजूंनी बघितली, परत खांद्याशी नेली आणि सोडली.

फुटली. ‘मावशी, पिवळा!’

दुसरी पिशवी फोडायची होती. पोरगा कात्री आणायला वळला, तेवढ्यात आमच्या इमारतीतल्या त्या बाई पुढे आल्या. त्यांनी पिशवी टेबलावरून उचलली, कानाशी नेली आणि हलवली.